झोपेचं विचारणार नव्हतो

कोल्हापूर, मंगळवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तू न जेवता गेलीस. पांढरा रस्सा तसाच राहिला, आईनं तो आक्काकडं पोचवला. रविवारी मटणाच्या दुकानात खाटकानं सत्तूर उचलला आणि तू पायरी उतरून रस्त्यापलीकडं तोंड फिरवून उभी राहिलीस. याच दुकानात ‘नळी घाला, नळी’ म्हणून नाचायचीस. तेव्हा मी गप्प बसलो. पण रात्री तीनला सोप्यात लाइट लावून बसलेली दिसलीस आणि ‘सोड ती नोकरी’ असं तोंडातून गेलंच. ‘मग घराचा हप्ता कोण भरणार?’ म्हणालीस, तेही खरं. ती वेळ नव्हती बोलायची, चुकलं माझं.

झोप लागते का गं? हे विचारायचं नाही असं ठरवूनच कागद घेतला होता.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर मी सगळ्यांना सांगतो, आमची सोनू एआयला शिकवते. अजून सांगतो. पण शिकवते म्हणजे काय करते ते आत्ता कळलं, तेही दादानं मोबाइलवर वाचून दाखवलं म्हणून; तू करारावर सही केलीय म्हणून गप्प. यंत्राला घाण ओळखता यावी म्हणून आधी माणसानं ती बघायची, वाचायची आणि लेबल लावायचं, ही मारहाण, हा बलात्कार, हे लहान पोराचं. केनियात नैरोबीच्या पोरांनी चॅटजीपीटीसाठी हेच केलं, तासाला दोन डॉलरच्या आत. 2023 साली ते छापून आलं. तिथंच फेसबुकवरचं तपासणाऱ्या 140 हून जास्त जणांना पीटीएसडी, म्हणजे भयानक बघून मनाला बसलेल्या धक्क्याचा आजार, निघाला, डॉक्टरचे कागद 2024 मध्ये कोर्टापुढं गेले. अमेरिकेतल्या अशाच कामगारांना 5 कोटी 20 लाख डॉलर द्यायचं फेसबुकनं 2020 सालीच कबूल केलं होतं. तिकडच्या डोळ्यांचा भाव निराळा दिसतो.

मी शिरोलीला फौंड्रीत लागलो तेव्हा पहिला आठवडा डोळे मिटले की भट्टीच दिसायची, लालभडक. आजी दुधात भिजवलेला कापूस डोळ्यांवर ठेवायची. पुढं निळ्या काचेचा चष्मा मिळाला, तोही युनियननं भांडून घेतलेला. मग मुकादम चष्म्याशिवाय भट्टीपाशी उभं राहू द्यायचा नाही. तुला काय देतात? आठवड्याला एक मॅडम व्हिडिओ कॉलवर ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणतात, आणि तेवढ्या वेळाचं टार्गेट नंतर भरून काढायचं!

तर ऐक. व्हिडिओचा आवाज बंद ठेव. चित्र काळं-पांढरं करून बघता येत असेल तर तसं बघ. सुट्टीचे अर्ज मेलवरच टाक, तोंडी नको. डॉक्टरकडं जा, चिठ्ठी जपून ठेव. रात्रपाळी बदलून माग. जेवणाच्या वेळेला जेव. आणि झोप... बघ, लागलोच शिकवायला. राग धरू नको.

2019 च्या पुराचं आठवतं का? पंचगंगा 55 फुटांवर, धोक्याची पातळी 43. आपण शाळेतल्या छावणीत. तू अकरावीत, आणि रात्रभर वहीत लिहीत बसलीस, कुणाला शुगरची गोळी, कुणाला बीपीची. सकाळी तालमीची पोरं भाकरी घेऊन आली तर खाताखाता बसल्या जागी लवंडलीस. घास तोंडात तसाच. आईनं बोट घालून काढला, तरी जाग नाही. पंखा नाही, अंथरूण नाही, शेजारी शंभर माणसं कालवा करतायत, आणि तू दुपारपर्यंत गाढ.

तशी झोपलीस कधी यंदा?

हप्त्याचं म्हणशील तर उद्यमनगरात एका वर्कशॉपला आज विचारून आलो. दुपारची पाळी आहे, बसून करायचं काम, कास्टिंग तपासायचं. एक तारखेपासून या म्हणालेत. आईला अजून बोललो नाही, तूही बोलू नको.

तुझे बाबा

ता.क. चटणीचा डबा पिशवीत खाली आहे, कपड्यांना तेल लागेल. रात्री जागी असलीस तर मिस्ड कॉल दे. फोन उशाशीच ठेवतो.