एका सॅडलवर सगळं होतं, फक्त ते त्या घोड्याच्या मापाचं हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या घोडेस्वारीवर लेख आला होता, छान होता, वाचून ओळखीतल्या तीन-चार आयांचे मला फोनपण आले. पण शेवटी सामानाची एक चौकट होती, तिच्यात लिहिलं होतं की जंपिंगला वेगळं सॅडल म्हणजे खोगीर, ड्रेसाजला, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली काटेकोर करवून घेतात त्याला, वेगळं आणि बाहेर फिरायला जायचं तर तिसरं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. गेली अकरा वर्षं मी पुण्यात एकाच जंपिंग सॅडलवर सगळं करतेय, रिंगणातलं फ्लॅटवर्क म्हणजे उड्यांशिवायचा सराव, सत्तर-ऐंशी सेंटिमीटरच्या उड्या, रविवारी सकाळी टेकडीच्या बाजूला दीड-दोन तासांची रपेट, सगळं. कानपूरचं आहे, सतरा इंची, सेकंड हँड घेतलेलं.

माझ्या डोळ्यासमोर एक मुलगी आहे, अकरा वर्षांची, घोड्यावर बसली की उतरायचं नाव नाही. तिच्या आईबाबांना शिकवणाऱ्यांनी सांगितलं की आता पुढे जायचं तर ड्रेसाजचं सॅडल घ्यावंच लागेल, आणि परदेशी घ्यायचं तर आकडा थेट लाखात जातो, आईबाबा नोकरदार, धाकटा भाऊ शाळेत, त्यांनी हिशोब केला आणि पुढच्या महिन्यात तिचा क्लासच बंद झाला. मला ते अजून लागून राहिलंय. कारण तिला तेव्हा त्या सॅडलची गरजच नव्हती हो, ती साठ सेंटिमीटरच्या उड्या मारत होती आणि ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, गोल नीट काढायला शिकत होती!

आता मुळात हा फरक काय असतो ते सांगते. जंपिंग सॅडलचा बाजूचा चामड्याचा पल्ला, ज्याला फ्लॅप म्हणतात, तो पुढे कापलेला असतो, कारण उडीसाठी रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, आखूड घेतली की गुडघा पुढे आणि वर येतो, त्याला टेकायला जागा लागते. ड्रेसाजच्या सॅडलला फ्लॅप लांब आणि जवळजवळ सरळ खाली, बैठक खोल, पाय लांब सोडलेला. आणि हा पुढे कापलेला फ्लॅप काही अनादी काळापासून नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातले स्वार उडी मारताना पाय लांब सोडून मागे रेलायचे, घोड्याच्या पाठीवर आणि तोंडावर सगळा भार. इटलीच्या घोडदळातला कॅप्रिली नावाचा अधिकारी म्हणाला की घोडा मोकळा सुटल्यावर जशी उडी मारतो तशी त्याला मारू द्या, तुम्ही रिकीब आखूड करा, पुढे झुका, पाठ मोकळी सोडा. तो 1907 मध्ये घोड्यावरून पडून गेला, चाळिशीसुद्धा गाठली नाही, पण आज जगभर उडीला जी बैठक शिकवतात ती त्याचीच आणि सॅडलचा आकारपण त्या बैठकीमागून बदलत गेला. म्हणजे जंपिंग सॅडलचा जन्मच घोड्याची पाठ आणि खांदा मोकळा राहावा या विचारातून झालाय, मग त्यावर बसून रोजचं साधं काम केलं तर घोड्याचं वाईट का होईल?

अडचण येते ती स्वाराला, आणि ती खरी आहे, मी लपवणार नाही. जंपिंग सॅडलवर रिकीब एकदम लांब केली की गुडघा फ्लॅपवरच्या जाड ब्लॉकवरून, म्हणजे त्याला टेकायच्या गादीवरून, सुटतो, पाय पुढे जातो, बूड मागे सरकतं आणि आपण खुर्चीत बसल्यासारखे बसतो. खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत राहत नाही. मी पहिली दोन वर्षं अशीच बसायचे, आणि मला वाटायचं सॅडलच वाईट. मग एका जुन्या फौजी रिसालदार साहेबांनी सांगितलं की ताई, फ्लॅटवर्कला रिकीब फक्त दोन भोकं खाली घ्या, जास्त नाही, आणि आठवड्यातून एक दिवस रिकिबी काढूनच ठेवा. महिनाभर मांड्या भरून यायच्या, जिना उतरताना रडू यायचं, पण मांड बसली. मांड पक्की झाली की खाली फ्लॅप पुढे कापलाय का मागे याचा फार फरक पडत नाही, निदान आमच्यासारख्यांच्या पातळीवर तरी. ज्याला एकच घ्यायचंय त्यानं फ्लॅप अगदी पुढे कापलेला नसेल असं बघावं, गुडघ्याचे ब्लॉक वेल्क्रोचे, सरकवता येणारे असले तर उत्तमच.

कुणी म्हणेल की हांगझोऊला 2023 च्या आशियाई खेळांत आपल्याला ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण मिळालं ते काय जंपिंग सॅडलवर? नाही, अर्थातच नाही. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा, चौघंही युरोपात राहून तयारी करणारी मुलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी सुवर्ण आणलं, मी ते मोबाईलवर बघताना ऑफिसमध्ये ओरडले होते. त्या पातळीला ड्रेसाजचं सॅडल लागतंच, तिथं स्वाराच्या कमरेचा बारीकसा इशारापण घोड्यापर्यंत पोचावा लागतो. तसंच एंड्युरन्स, एका दिवसात शंभर किलोमीटर आणि वर जाणारे लोक, त्यांना वजन पाठीवर जास्त जागेत पसरवणारं सॅडल हवं, कारण जंपिंग सॅडलवर तासन्‌तास रिकिबीत उभं राहिलं की सगळा भार रिकीब अडकवतात त्या लोखंडी पट्टीखाली एकाच जागी येतो. हे मान्य. पण शिकणाऱ्या मुलांपैकी कितीजण तिथं पोचतात, आणि जे पोचतात ते पोचल्यावर घेतील की.

खरं घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच, आणि तुमच्या लेखात त्यावर एक ओळ नव्हती. सगळे विचारतात एक सॅडल सगळ्या प्रकारांना चालेल का, पण ते सॅडल या घोड्याच्या पाठीला बसतंय का हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे क्लबात बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड, त्यांचे विदर्स, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, उंच आणि धारदार. त्याच्या शेजारच्या ठाणावर एखादी भरलेल्या पाठीची मारवाडी घोडी. आणि एकच सॅडल सकाळी सहाच्या बॅचला याच्यावर, सातच्या बॅचला तिच्यावर. मी पूर्वी जिथे जायचे तिथे एक जंपिंग सॅडल चार घोड्यांवर फिरायचं, बसत नसलं की खाली अजून एक नमदा, म्हणजे सॅडलखालची जाड घडी. अरुंद सॅडलखाली जाड नमदा घालणं म्हणजे घट्ट होणाऱ्या ब्लाउजच्या आत स्वेटर घालणं, दाब वाढतोच. तिथल्या एका घोड्याच्या विदर्सच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके होते, मुलांना वाटायचं जन्मखूण आहे, कौतुकानं हात फिरवायची. ती जन्मखूण नव्हती हो. सततच्या दाबानं कातडी दुखावली की तिथले केस पुन्हा उगवताना पांढरे येतात.

सध्याच्या तबेल्यात मी ज्या घोडीवर बसते तिचं नाव बिजली. दोन वर्षांपूर्वी ती तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकायला लागली, एकदा माझ्या दंडाला तोंड लावलं, सगळे म्हणाले घोडी बिघडली. आमचे सईस मामा, घोड्यांची देखभाल करणारे, काही बोलले नाहीत, रपेट झाल्यावर त्यांनी सॅडल आणि नमदा उचलला आणि मला जवळ बोलावलं. पाठ घामानं काळी झालेली आणि डाव्या बाजूला, विदर्सच्या खाली, तळहाताएवढा डाग एकदम कोरडा. असा कोरडा डाग दिसला की संशय घ्यायचा, एकतर तिथं सॅडल टेकतच नाहीये नाहीतर इतकं दाबलं जातंय की घामच फुटत नाही. मामांनी त्यावर दोन बोटं हलकी दाबली तर बिजलीची पाठ खाली गेली. पावसाळ्यात काम कमी म्हणून तिचे पाठीचे स्नायू उतरले होते, आणि सॅडलमधली लोकर डावीकडे बसून गोळा झाली होती. लोकर पुन्हा भरून घेतली, तीन आठवडे तिला फक्त हातानं चालवलं, आणि त्याच जंपिंग सॅडलवर आज ती शांत उभी राहते. सॅडल तेच बरं का, बदललं नाही.

तेव्हापासून मी दर चार-पाच महिन्यांनी बघते, बसल्यावर विदर्सच्या वर दोन-तीन बोटं जातात का, मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागे जात नाही ना, दोन्ही बाजूंचा घाम सारखा आहे का. आणि रिकिबीचे पट्टे डावे-उजवे अदलून टाकते, आपण सगळे डावीकडूनच चढतो त्यामुळे डावा पट्टा ताणून लांब होतो आणि मग स्वार तिरका बसतो, हे कुणी शिकवतच नाही.

आपल्या जुन्या फौजेत शिलेदार असायचे आणि बारगीर असायचे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसणारा. क्लबात शिकणारी मुलं सगळी बारगीरच, आज हा घोडा उद्या तो. त्यांच्या आईवडिलांनी स्वतःचं सॅडल घेतलं तर ते रोज वेगळ्या पाठीवर चढणार, मग ते जंपिंगचं असो का ड्रेसाजचं, काय उपयोग? त्यापेक्षा क्लबांनी घोड्यागणिक एक बसणारं सॅडल ठेवावं, जंपिंगचं असलं तरी चालेल, आणि मुलांनी घरून फक्त हेल्मेट आणि बूट आणावेत. पालकांनी पहिल्या दिवशी फीच्या आधी सॅडलरूम बघायला मागावी.

आमच्याकडे मामांनी प्रत्येक सॅडलच्या खुंटीवर खडूनं घोड्याचं नाव लिहिलंय, बिजली, शेरू, राणी, बादल. नवीन मुलं आली की ती नावं मोठ्यानं वाचून मगच सॅडल उचलतात. पुरवणीत पुन्हा कधी या विषयावर लिहिलंत तर त्या खुंट्यांचा फोटो मी पाठवीन, आणि कोरडा डाग कसा ओळखायचा त्याचापण.

आपली,
एक वाचक आणि घोडेस्वार, पुणे