मोतीबिंदू 'पिकायची' वाट पाहू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'अजून पिकला नाही' आणि 'गड्ड्याची यात्रा होऊ द्या, मग बघू' (म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेनंतर, थंडीत) ही दोन वाक्यं सोलापूर परिसरातल्या मोतीबिंदूच्या रुग्णांकडून आजही ऐकू येतात. दोन्हींमागे जुन्या ऑपरेशनची आठवण आहे. तेव्हा १०-१२ मिलिमीटरची चीर देऊन अख्खं भिंग काढायचे, टाके घालायचे. आता फेको पद्धतीत चीर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते, भिंग आतच फोडून ओढून घेतात आणि टाका सहसा लागत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हातही ऑपरेशन करता येतं.

वाट पाहण्यात तोटाच आहे. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि तो फोडताना बुबुळाला सूज येते. कधी तो फुगून डोळ्याचा दाब एकदम वाढवतो. डोळा लाल होतो, असह्य ठणका लागतो, उलट्या होतात. त्यात दिवस गेले तर डोळ्याची नस सुकते, आणि मग कितीही चांगलं ऑपरेशन झालं तरी गेलेली नजर परत येत नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकून दिसू लागले, तांदूळ निवडणं जमेना, की तपासणीला जावं.

जाताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी दिलेली टॅम्सुलोसिन ही गोळी पूर्वी कधी घेतली असेल तरी सांगा, कारण तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडदा खराब असेल तर महागडं मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) कृत्रिम भिंग शक्यतो घेऊ नये. साध्या मोनोफोकल भिंगाने बहुधा दूरचं स्पष्ट दिसतं, वाचायला चष्मा लागतो. ते ऑपरेशन फसल्याचं लक्षण नव्हे.

खरा घोटाळा ऑपरेशननंतरच्या थेंबांत होतो. स्टेरॉइडचे थेंब साधारण ४ ते ६ आठवडे, हळूहळू कमी करत घालायचे असतात. आठवड्यात छान दिसू लागलं म्हणून बंद केले की आत सूज येते. उलट, दुकानातून आणून महिनोन्‌महिने घातले तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. हात धुऊन, खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका आणि दोन औषधांमध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. पहिले दोन आठवडे डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, तो चोळू नका. ज्वारीच्या मळणीची धूळ आणि चुलीचा धूर टाळा. घरच्या बाईचंच ऑपरेशन झालं असेल तर भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी, एवढं घरच्यांनी बघावं.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर बहुतेकदा भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते. लेसरने ती काही मिनिटांत साफ होते.

मात्र पहिल्या आठवड्यात दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली वाढली, नजर आली होती तेवढीही गेली, तर तो संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा. 'सोमवारी दाखवू' म्हणण्यात डोळा जातो. शिबिरातून अक्कलकोट, मोहोळकडे परतणाऱ्यांनी रात्री फोन कुठे करायचा तो नंबर निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावा.

— नेत्रविभागातील एक कर्मचारी, सोलापूर