वाडा उतरवायच्या आधी चोपड्यांचं काय ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या नाशकातला आमचा वाडा दिवाळीनंतर उतरवायचाय. धोकादायक इमारतीची नोटीस दर पावसाळ्यात येतेच, यंदा सगळ्या भाऊबंदांच्या सह्या झाल्या एकदाच्या. तर मागच्या महिन्यात माळा रिकामा करायला घेतला आणि एक पत्र्याची ट्रंक निघाली, आत आमच्या आजेसासऱ्यांच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्या, पोस्टकार्डांचे गठ्ठे, रेशनकार्डं, लग्नाच्या याद्या, असं सगळं. भाऊजींनी त्यातली खरेदीखतं तेवढी बाजूला काढली आणि बाकीच्यासाठी रद्दीवाल्याला फोन पण लावला. मी म्हटलं थांबा जरा.

आजेसासऱ्यांचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान होतं. जुन्या चोपड्या मोडीत आहेत, त्या मला काही वाचता येत नाहीत, पण पुढच्या बाळबोध अक्षरात आहेत त्या मी दोन दुपारी बसून चाळल्या. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले ना, तिथपर्यंत रुपये-आणे-पै आणि तिथून पुढे रुपये-न.पै. त्या पानाच्या कडेला त्यांनी स्वतःसाठी कोष्टक लिहून ठेवलंय, एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५, सहा आणे ३७, आणि सहा आण्यांसमोर बारीक अक्षरात "अर्धा पैसा कोणाचा?" मला इतकं हसू आलं! ज्या माणसाचा मी फक्त हार घातलेला फोटो बघितलाय तो एकदम समोर येऊन बसला.

मग १९६९ चा पूर. तेव्हा पाणी भांडी बाजारात शिरलं होतं हे आम्ही ऐकत आलोय, गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आम्ही पुराची उंची मोजतो, तो तर कधीच बुडालेला. त्या वर्षाच्या चोपडीची खालची चार बोटं अजून मातकट आहेत, पानं एकमेकांना चिकटलीत. पुढच्या पानावर वाहून गेलेल्या मालाची यादी आहे, हंडे इतके, घंगाळं इतकी, बंब दोन, आणि त्याखाली उधारीवाल्यांची नावं, त्यातल्या सात जणांसमोर "पुरामुळे सोडले". पुराचे आकडे सरकारी दप्तरात मिळतील हो, पण कोणी कोणाची उधारी सोडली हे कुठे मिळणार?

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की घरातले कागद आपण निवडून देतो ते चूक आहे. सनद, खरेदीखत, एखाद्या पुढाऱ्याचं पत्र असेल तर महत्त्वाचं आणि वाण्याची यादी म्हणजे कचरा, हे आपण कोण ठरवणार. गठ्ठा बांधलाय तसाच, त्याच क्रमाने द्यायला पाहिजे, कारण कुठल्या पत्रासोबत कुठली पावती गुंडाळलीय यातूनही काहीतरी कळतं. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्या पुतण्याने हौसेने दोन पत्रं करून आणली, आता ते प्लॅस्टिक काढायला गेलं तर कागदच येईल हातात. सेलोटेप पण नको, टाचण्या मात्र काढा, गंजतात.

पण द्यायचं कुठे? इथे घोडं अडतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातून कागद गोळा करायचे, १८९८ मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आज त्यांच्या नावाचं मंडळ धुळ्याला आहे, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, पोथ्या जपल्यात त्यांनी, कौतुकच आहे. पण साध्या दुकानदाराच्या, शेतकऱ्याच्या, बिडी वळणाऱ्या बाईच्या घरचे कागद घेऊन कोणी जायचं म्हटलं तर कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं? २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना काय भाव आला होता, दाखल्यापुरते जुने कागद सगळ्यांना हवेसे झाले.

माझ्या माहेरचा अनुभव पण सांगते, नाव नको. वडिलांनी एका संस्थेला दोन पेट्या दिल्या होत्या, पावती नाही, यादी नाही. आठ वर्षांनी आम्ही बघायला गेलो तर एक पेटी जिन्याखाली ओलीत आणि दुसरी कोणालाच माहीत नाही. त्यापेक्षा आपले रामकुंडावरचे उपाध्याय बरे, गाव आणि आडनाव सांगा, नामावळीचं बाड काढून पणजोबा कधी आले होते ते दाखवतात. त्यांची रोजी-रोटी त्यावर आहे म्हणून म्हणा, पण सापडतं तरी!

तेव्हा संस्थांनी पण तीन गोष्टी कराव्यात, घेताना सहीची पावती द्यावी, घरच्यांना स्कॅन कॉपी द्यावी, आणि खासगी पत्रं अमुक वर्षं उघडायची नाहीत अशी अट मान्य करावी. ही अट फार गरजेची आहे. सासूबाईंची त्यांच्या बहिणीला लिहिलेली, न टाकलेली चार पत्रं त्या ट्रंकेत आहेत आणि त्यात त्यांनी सासुरवासाबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी परत घडी घालून ठेवलं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची मुलं अजून शेजारच्या गल्लीत राहतात.

ट्रंक सध्या आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, दिवाणाखाली, चोपड्या जुन्या सुती साडीत बांधून ठेवल्यात. चिकटलेली पानं मी ओढून सुटी केलेली नाहीत. नाशकात कोणी अशा अटींवर घेत असेल तर आपल्या पेपरमधून कळवावं, घरचे सगळे तयार आहेत, भाऊजी सुद्धा. खरेदीखतं मात्र ते देणार नाहीत, झेरॉक्स घ्या म्हणाले.

आपली,
एक वाचक, नाशिक