ती उन्हाळी नव्हती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. दाता मिळाला, पेशी रुजल्या, रुग्ण घरी गेला, इथे तो संपतो. आमची खरी धावपळ त्यानंतर सुरू झाली.

धाकट्या भावाला ल्युकेमिया. पूर्ण जुळणारा दाता मिळेना, म्हणून निम्म्या जुळणीवर माझ्याच पेशी दिल्या. रक्तपेशींचे काउंट वर आले, डिस्चार्ज मिळाला, हॉस्पिटलजवळ खोली घेतली. पाचव्या आठवड्यात त्याला लघवीला आग होऊ लागली. मे महिना, आईने उन्हाळी समजून धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा सुरू केला. तिसऱ्या दिवशी रक्ताची गुठळी पडली.

निदान झालं बीके विषाणूचं. १९७१ साली तो मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडला आणि त्या रुग्णाची आद्याक्षरंच त्याचं नाव झाली. बहुतेकांना लहानपणीच त्याचा संसर्ग होऊन जातो, कळतही नाही. मग तो मूत्रमार्गात निपचित पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती पार खाली गेली की उठतो. केमोथेरपीतल्या सायक्लोफॉस्फामाइड या औषधानेही मूत्राशयाचं अस्तर सोलवटतं. ते टाळायला मेस्ना हे औषध देतात, ते दिलंही होतं. विषाणूवर मात्र हमखास औषध नाही. सिडोफोविर वापरतात, पण ते मूत्रपिंडालाच जड जातं.

मग थ्री-वे कॅथेटर, म्हणजे तीन तोंडांची लघवीची नळी, आणि रात्रंदिवस सलाइनने मूत्राशय धुणं. मी वहीत लिहायचे: आत किती गेलं, बाहेर किती आलं. बाहेरचा आकडा घसरला की नळीत गुठळी अडकलेली. सिस्टर मोठ्या सिरिंजने ती ओढून काढत आणि भाऊ पलंगाची कड धरून ओरडे. कोकम सरबताचा रंग दिसला तर दिवस बरा म्हणायचा. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्ससाठी, दाते शोधणंही चालूच.

डॉक्टरांनी उपचारात कसूर केली नाही. पण हा धोका आम्हाला आधी कुणी समजावून सांगितला नव्हता. संमतीपत्रात तो इंग्रजीत एका ओळीत होता, हे मी नंतर शोधून काढलं. डिस्चार्ज कार्डावर ताप, जुलाब, अंगावर पुरळ सगळं होतं. लघवीला आग झाली किंवा रंग बदलला तर त्याच दिवशी या, हे मराठीत छापायला कितीशी शाई लागते? आमचे तीन दिवस सब्ज्यात गेले.

भाऊ आता बरा आहे. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मी नवं कार्ड मागून पाहिलं. ती ओळ अजून आलेली नाही.

आपली,
एका रुग्णाची बहीण, सातारा