गळ टाकणाऱ्यांचा कोपर

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मी इंदूरचा, वय 52, रविवार आला की रॉड घेऊन मंडलेश्वरला नर्मदेकाठी जाणारा माणूस. गेल्या पावसाळ्यानंतर उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ सुरू झाली की चहाचा कप उचलवेना, याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, आणि लोक म्हणायचे टेनिस तर तू खेळत नाहीस मग हे कुठून. अहो, मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेली असते, आणि दिवसभर रॉड घट्ट धरून मनगटाच्या झटक्याने गळ फेकला की ताण तिथेच येतो.

एका डॉक्टरांनी लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. महिनाभर एकदम छान, नंतर पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. असं बऱ्याच जणांचं होतं हे आधी सांगायला हवं होतं, याचा मला खरंच राग आहे.

फायदा झाला तो फिजिओथेरपीवालीने शिकवलेल्या व्यायामाने. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेच्या बाहेर, मुठीत अर्ध्या किलोचं वजन, डाव्या हाताने पंजा वर उचलायचा आणि मग उजव्यानेच अगदी सावकाश खाली सोडायचा. थोडं दुखतं, पण चालतं. तीन महिने रोज केलं.

रॉड हलका घेतला, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केली, आता दोन्ही हातांनी फेकतो. मागच्या रविवारी दीड किलोचा रोहू आला, कळ न येता.

आपल्या आरोग्य पुरवणीत या दुखण्यावर एखाद्या फिजिओथेरपिस्टचा लेख छापा, ही कळकळीची विनंती.

आपला एक वाचक, इंदूर