ब्लड बँकेच्या आमच्या मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार.

तुम्ही रिटायर होऊन सोलापूर सोडून लेकीकडे राहायला गेलात हे उशिरा कळलं, नीट भेटताही आलं नाही, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहिते. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते, पण इथल्या ज्या सिस्टर-ब्रदरनी तुमचं ट्रेनिंग घेतलंय ते बरोबर ओळखतील.

रक्त चढवताना रिअॅक्शन येऊ शकते हे आम्ही सगळ्याजणी नर्सिंगला शिकलेलो, पेपरात लिहिलेलं पण. पण नाईटला डॉक्टर ओटीत अडकलेत, फोन लागत नाही, आणि पेशंट म्हणतोय सिस्टर थंडी वाजतीय, तेव्हा आधी हात कुठं गेला पाहिजे, ते तुम्ही शिकवलंत. रक्ताच्या नळीवरचा रोलर बंद करायचा. आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, हे तुम्ही आमच्या डॉक्टरांना समोर बसवून सांगितलंत. माझ्यासाठी सगळ्या ट्रेनिंगमधली मोठी गोष्ट ती, कारण खूप ठिकाणी पद्धत अशी असते की रक्त हळू चालू ठेवायचं, एव्हिलचं, म्हणजे अॅलर्जीचं, एक इंजेक्शन मारायचं आणि बघत बसायचं. तुम्ही म्हणालात आधी बंद, मग बाकीचं. सुई काढायची नाही, नवीन सेट म्हणजे नळी लावून नॉर्मल सलाईन चालू ठेवायचं म्हणजे शीर हातात राहते, पेशंटचं नाव, आयपीडी म्हणजे अॅडमिशनचा नंबर, पिशवीवरचा नंबर, ग्रुप परत ताडून बघायचा, डॉक्टर आणि ब्लड बँक दोघांना कळवायचं. आणि पिशवी सेटसकट ब्लड बँकेला परत, सोबत पेशंटचं ताजं सँपल आणि लघवी. पिवळ्या डस्टबिनमध्ये पिशवी गेली की पुरावाच गेला, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल!

का ते पण सांगायचात तुम्ही, म्हणून डोक्यात बसलं. चुकीच्या ग्रुपचं रक्त गेलं तर पेशंटच्या अंगात आधीपासून असलेल्या अँटिबॉडी त्या पेशींना फोडायला लागतात, मग लघवी लाल, कंबरेत कळ, बीपी खाली आणि किडनीवर घाला, आणि हे सुरू व्हायला पूर्ण पिशवी जावी लागत नाही, थोडंसं रक्त पुरतं. म्हणून पहिली १५ मिनिटं रक्त हळू सोडायचं आणि पेशंटपासून हलायचं नाही. आणि भूल दिलेला पेशंट तर बोलणारच नाही, तिथं बीपी आणि लघवीच्या पिशवीकडेच लक्ष ठेवायचं. सुरू करायच्या आधी टेम्परेचर लिहायचंच, कारण १ डिग्री सेल्सिअस वाढलं की रिअॅक्शन समजायची आणि आधीचं लिहिलेलं नसेल तर वाढलं किती ते कळणार कसं.

नाव विचारायची तुमची पद्धत आता आमच्याकडे पक्की झालीय. तुम्ही अमुक का असं विचारलं की ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून तुमचं नाव काय, असंच विचारायचं. सँपलच्या बाटलीवर लेबल पण पलंगापाशीच लावायचं, टेबलावर येऊन नाही, कारण जिवावर बेतणारा घोटाळा बहुतेक वेळा मशीनमध्ये होत नाही, नावात होतो. आणि मे महिन्यातलं आपलं ऊन! नातेवाईक थर्माकोलच्या डब्यात पिशवी घेऊन गाडीवर येतात, मग फ्रीजमधून निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू आणि ४ तासांत संपवायची, गरम पाण्यात पिशवी बुडवायची नाही, हे नातेवाइकांना समजावायला तुम्ही स्वतः उभ्या राहिलात.

वॉर्डातल्या मावशी आणि मामांना, म्हणजे आया आणि वॉर्डबॉयना, तुम्ही ट्रेनिंगला बसवलंत तेव्हा काही जणांना ते पटलं नव्हतं. पण पेशंटजवळ जास्त वेळ कोण असतं? आपल्या सोलापुरात निम्म्या पेशंटचं दुखणं तेलुगू नाहीतर कन्नडमध्ये बाहेर पडतं आणि ते आधी मावशींनाच कळतं. तसंच झालं बघा. कुंभारीकडची विड्या वळणारी एक बाई, हिमोग्लोबिन फार कमी, रक्त सुरू होतं, आणि भर उन्हाळ्यात मावशींकडे पांघरूण मागायला लागली, जीव घाबरतोय म्हणाली. मावशी पांघरूण आणायला गेल्या नाहीत, आधी ओरडून मला बोलावलं, मी रोलर बंद केला. तुमच्या क्रमानं सगळं केलं. ग्रुप बरोबर निघाला, लघवी स्वच्छ, तपासणीत पेशी फुटल्याचं काही नाही, साधी ताप-थंडीची रिअॅक्शन होती आणि बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. पण साधी होती हे नंतर कळतं ना मॅडम, त्या क्षणी कोण सांगणार? मावशींनी हाक मारली याचं मला आजही कौतुक वाटतं, आणि ते श्रेय तुमचं.

तिच्या रिअॅक्शनची नोंद करायचा फॉर्म पण भरला. पूर्वी फॉर्म म्हटलं की आपल्यावर शेकणार असं सगळ्यांना वाटायचं. १० डिसेंबर २०१२ ला देशात हिमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्त चढवताना येणाऱ्या रिअॅक्शनची देशभरातली नोंद ठेवणं, सुरू झालं, हे फॉर्म नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडे जातात, आणि ते कुणाला पकडायला नाहीत तर पुढच्या पेशंटसाठी आहेत, एवढं तुम्ही शांतपणे सांगितलंत आणि भीती गेली. आता ज्युनियर मुली स्वतःहून फॉर्म मागतात.

पुढच्या महिन्यात नवीन बॅच जॉईन होतीय, ट्रेनिंग मी आणि इन्चार्ज सिस्टर घेणार, तुमच्याच क्रमानं, मावशी-मामांना पहिल्या रांगेत बसवून. थंडी वाजते का, कंबर दुखते का, दम लागतो का, असे प्रश्न तेलुगू-कन्नडमध्ये देवनागरीत लिहून तक्ता केलाय, फोटो पाठवते, चुकलं असेल तर सांगा.

तुमची,
वॉर्डातली एक सिस्टर