ताई, बर्फातल्या त्या मुक्कामासाठी

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितेय, कारण बर्फात पहिल्यांदा रात्र काढायला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखी सोबत मिळेलच असं नाही.

तुम्ही मला नुसत्या सूचना दिल्या नाहीत, प्रत्येक सूचनेमागचं कारणही दिलंत. चालायला सुरुवात करण्याआधीच जाड जॅकेट काढायला लावलंत. माझे दात वाजत होते. ‘थोडं चाल, मग बोल,’ म्हणालात. चढ लागला तसं अंग तापलं, आणि तेव्हा तुम्ही समजावलंत की चढताना आलेला घाम कपड्यांत मुरतो, आणि थांबल्यावर तेच ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतात. त्यानंतर ‘जॅकेट काढ’ असं मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

मुक्कामाची जागा निवडायला तुम्ही बराच वेळ घेतलात. दरीचा तळ सपाट आणि सोयीचा दिसत होता, पण थंड हवा जड असते, ती रात्री तिथेच साचते, म्हणून आपण थोडं वर गेलो. वाकलेल्या, बर्फाने लदलेल्या फांद्यांखालची जागाही सोडली. मग सगळ्यांनी मिळून बर्फ तुडवला आणि तंबू लावण्याआधी थोडा वेळ तसेच थांबलो. तुडवलेले कण एकमेकांना धरून गोठले की जमीन टणक होते. घाई केली असती तर रात्रभर गुडघ्यांचे आणि कोपरांचे खड्डे पडत राहिले असते. नेहमीच्या खुंट्या तिथे धरणार नव्हत्याच. बर्फ भरलेल्या पिशव्या दोऱ्या बांधून पुरल्या, आणि रात्रीच्या वाऱ्यात तंबू जागचा हलला नाही.

पाण्याचं मात्र मला खरंच नवल वाटलं. सगळीकडे बर्फ, मग पाण्याची काय चिंता, असं कुणालाही वाटेल. तुम्ही हिशोब मांडलात: शून्य अंशावरचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्याच उष्णतेत तितकंच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणून इंधन जास्त घेतलं होतं, आणि म्हणूनच गॅसच्या डब्याऐवजी द्रव इंधनाचा स्टोव्ह. डब्यातला गॅस नुसता ब्युटेन असेल तर तो शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. भांड्याच्या तळाशी आधी घोटभर पाणी ठेवायचं, नाहीतर नुसत्या बर्फाचं पाणी होण्याआधी भांडंच करपतं. स्टोव्ह बंद तंबूत पेटवायचा नाही, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाटल्या उलट्या ठेवायच्या; पाणी वरून गोठतं, मग बूच मोकळं राहतं. थकलेल्या माणसांसमोर इतक्या शांतपणे हे सगळं सांगणं सोपं नसतं.

रात्री फोमची चटई खाली आणि हवेची वर, हेही तुमचंच. अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबतो आणि त्याची ऊब जाते, हे कळल्यावर दुसऱ्या चटईचं ओझं मला ओझं वाटलं नाही. बुटांचे आतले अस्तर आणि पाण्याचा फिल्टर बॅगेत घेऊन झोपले. झोप लागली, ताई. चांगली लागली.

पण सगळ्यात जास्त आभार सकाळचे. माथा समोर दिसत होता, आकाश निरभ्र होतं. तुम्ही उताराचा कोन मोजलात: 34 अंश. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि रात्रीच्या वाऱ्याने नेमक्या त्याच बाजूला ताज्या बर्फाची भर घातली होती. आपल्या सगळ्यांकडे शोधयंत्रं, फावडी, बर्फात खुपसून बघायच्या काठ्या होत्या, कुणीतरी तसं म्हणालंही. तुम्ही उत्तर दिलंत की ती साधनं गाडलेल्याला शोधायला असतात, बर्फ थांबवायला नाहीत. मग सौम्य उताराच्या धारेवरून आपण परत फिरलो. काहीजण रुसले होते. तुम्ही त्यांचं ऐकून घेतलंत, निर्णय मात्र बदलला नाहीत. तो उतार सुटला असता की नाही, कोण जाणे. कदाचित नसताच सुटला. तरीही त्या ‘नाही’साठी मी तुमची ऋणी आहे, कारण ते म्हणताना तुम्हालाही माथा हवा होता, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

येत्या हिवाळ्यात काही नवख्यांना घेऊन निघायचं ठरवलंय. सामानाची यादी तुम्हाला पाठवते. इंधनाचा आकडा तेवढा नीट बघाल का? बर्फ वितळवण्याचा भाग धरून काढलाय, पण तुमची नजर पडली की मला निर्धास्त वाटेल.

तुमची,
तंबूतली सोबतीण